सरांची संख्या आणि आमची कुलपं

श्री. विश्वनाथ हुपरीकर सरांचं पहिलं दर्शन मला झालं ते पाठमोरं. बेंगळुरूला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. नोकरी बेळ्ळंदूरला, राहणं तिथंच एका उंच इमारतीत, आणि मराठी बोलायला आरशाखेरीज कुणी नाही, अशी माझी अवस्था होती. मल्लेश्वरमला मराठी मंडळाच्या सभागृहात रविवारी सकाळी ‘काहीतरी’ असतं, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. मला वाटलं भावगीतं असतील, निदान साबुदाण्याची खिचडी तरी असेल. दोन बस बदलून पोचले, तर आत फळ्याकडे तोंड करून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्यावर खडूची भुकटी. फळ्यालाच उद्देशून ते म्हणत होते, "आता हिच्यातनं एक वजा करून बघूया."

माझ्या चपलांचा आवाज ऐकून ते वळले. नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "स्वल्प आधी यायचं होतं हो. सिद्धता अर्धी झाली. सरी, ठीक आहे, बसा. परत करतो."

आणि खरोखरच त्यांनी फळा पुसला. आधीपासून बसलेल्या मंडळींत दोन निवृत्त आजोबा होते, कॉलेजातल्या मुली होत्या, एक बँकेतले साहेब होते. कुणी हूं की चूं केलं नाही. पुढं कळलं की हा तिथला रिवाजच आहे. उशिरा आलेल्यासाठी सिद्धता पहिल्यापासून करायची, कारण मधूनच ऐकलेली सिद्धता म्हणजे नुसती अफवा, असं सरांचं मत. मी पुण्याची, मत द्यायला कुणी विचारण्याची वाट बघत नाही. घरी जाताना मी त्यांना सांगून टाकलं की ही पद्धत वेळखाऊ आहे. ते हसून म्हणाले, "आहे की." पद्धत काही त्यांनी बदलली नाही, पण मी त्यानंतर कधी उशिरा गेले नाही.

सरांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आपण सर्वजण साजरा करत आहोत. या गौरवग्रंथाचे वाचक सरांना निरनिराळ्या नात्यांनी ओळखतात, म्हणून थोडी माहिती सांगते. सर मूळचे कोल्हापूरकडचे. अभियंता झाले आणि नोकरीसाठी इथं आले ते इथलेच झाले. एका सरकारी कारखान्यात बिनतारी यंत्रांच्या विभागात त्यांची सगळी हयात गेली. गणिताची मोठी पदवी त्यांच्याजवळ नाही. पोटासाठी यंत्रं आणि जिवासाठी संख्या, अशी त्यांनी आयुष्याची वाटणी केली होती. गल्लीत ते ‘अण्णा’, त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई सगळ्यांच्या ‘अक्का’, आणि आम्हा रविवारच्या मंडळींसाठी ते ‘सर’. घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली असतात. अक्का रागावल्या की कन्नडमध्ये रागावतात आणि सर गप्प बसतात ते मात्र अस्सल मराठीत.

सरांचं प्रेम मोठ्या मूळ संख्यांवर. एकने आणि स्वतःनेच भाग जाणारी, दुसऱ्या कशानंही न भागली जाणारी ती मूळ संख्या, एवढं आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. सर म्हणतात, ही ओळख म्हणजे एखाद्या माणसाबद्दल ‘तो चोर नाही’ एवढंच सांगण्यासारखं झालं. तो कसा आहे हे कुठं कळलं? मूळ संख्या कशी आहे ते बघायचं तर तिच्यातून एक वजा करायचा आणि जे उरेल त्याचे तुकडे कसे पडतात ते पाहायचं.

त्यांचं नेहमीचं उदाहरण मी इथं देते, कारण पुढं ते लागणार आहे. दोनशे अकरा आणि दोनशे सत्तावीस. दोन्ही मूळ. वरून पाहिलं तर बहिणी-बहिणी. पण दोनशे अकरातून एक वजा केला की दोनशे दहा उरतात आणि त्यांचे दोन, तीन, पाच, सात असे बारीक तुकडे पडतात. दोनशे सत्तावीसमधून एक वजा केला की दोनशे सव्वीस. त्यांना दोननं भागलं की एकशे तेरा, आणि एकशे तेरा स्वतःच मूळ असल्यामुळं गाडी तिथंच थांबते. पहिल्या जातीची संख्या मूळ आहे हे सिद्ध करणं फार सोपं असतं. तुकडे सगळे समोर असतात. एखादी संख्या निवडून तिचे घात करायचे, प्रत्येक तुकड्यासाठी एकेक तपासणी करायची, की शंकेला जागाच राहत नाही. संख्या कितीही मोठी असली तरी तिचे तुकडे बारीक असले की काम भागतं.

यातूनच सरांची ती प्रसिद्ध भेट निघाली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी ती असेल. वर्गातल्या कुणाचं लग्न ठरलं, घर झालं, नोकरी लागली, की सर एका कार्डावर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात एक मोठी मूळ संख्या लिहून देत. तिची सुरुवात लग्नाच्या तारखेनं किंवा घराच्या क्रमांकानं होई. खाली तिच्यातून एक वजा केल्यावर पडणारे तुकडे, आणि त्याखाली सिद्धता. ती संख्या सर मुद्दाम अशी घडवत की तुकडे बारीकच पडावेत. "ज्याला भागाकार येतो त्याला तपासता आलं पाहिजे. माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका," असं ते देतानाच बजावत. सोन्याच्या अंगठीबरोबर पावती द्यावी तसं ते वाटायचं मला.

तपासल्याशिवाय घ्यायचं नाही आणि तपासल्याशिवाय द्यायचंही नाही, हा त्यांचा बाणा. आमच्यातल्या एकीनं एकदा संगणकावरून काढलेली प्रचंड संख्या आणली आणि सांगितलं की संगणक हिला ‘बहुधा मूळ’ म्हणतो. बहुधा म्हणजे चूक असण्याची शक्यता इतकी कमी, की व्यवहारात नाहीच. सर तिला ओरडले नाहीत. स्वयंपाकघराकडं बोट दाखवून म्हणाले, "बहुधा जेवायला येतो म्हणणाऱ्याच्या पोळ्या करायच्या की नाही, ते आत जाऊन अक्काला विचार." आतून अक्कांनी उत्तर दिलं, "करायच्या नाहीत!" त्या मुलीनं पुढचे दोन आठवडे खपून सिद्धता आणली, आणि सरांनी तिच्यासाठी म्हैसूरपाक आणला.

सरांच्या मायेबद्दल एकच प्रसंग सांगते. मला डेंग्यू झाला तेव्हा मी बेळ्ळंदूरच्या घरात एकटी होते. पुण्याहून आई यायची होती, तिचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं. दुपारी दार वाजलं. बाहेर सर आणि अक्का, हातात सारू-भाताचा डबा. मल्लेश्वरमहून बेळ्ळंदूर म्हणजे काय प्रकार आहे ते इथल्या माणसांना सांगायला नको. तेवढ्या वेळात माणूस म्हैसूरला पोचतो. अक्कांनी मला भरवलं. सर खुर्चीत अवघडून बसले होते. आजाऱ्याशी काय बोलायचं ते त्यांना कधीच कळत नाही. शेवटी त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "एक गणित आणलंय. सोडवायचं नाही. नुसतं बघायला." अक्कांनी कपाळावर हात मारला. मला मात्र तापातही रडू आलं, कारण त्या शहरात माझं कुणीतरी आहे हे मला त्या कागदानं सांगितलं.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली आणि रविवारच्या वर्गातला माझा मित्र चंद्रू याच्याबरोबर बोम्मसंद्र्याला एक छोटी शेड घेऊन कुलपांचा उद्योग सुरू केला. चंद्रू इथल्या जुन्या मराठी घरातला, तीन पिढ्या बेंगळुरूत. आमची कुलपं किल्लीची नव्हेत, मोबाइलनं उघडणारी, शीतगृहांच्या दारांना आणि मालाच्या गाड्यांना लावायची. असल्या कुलपाच्या पोटात एक प्रचंड मूळ संख्या असते. कुलूप आणि मोबाइल हवेतून एकमेकांशी बोलतात आणि त्या संख्येच्या आधारानं आपसात एक गुपित ठरवतात. त्यांचं बोलणं कुणी चोरून ऐकलं तरी गुपित हाती लागत नाही, अशी ती करामत. शेडच्या उद्घाटनाला सर आले आणि अर्थातच संख्या घेऊन आले. आमचं कामच मोठ्या संख्यांचं, म्हणून नेहमीच्या दोन ओळींऐवजी या खेपेला त्यांनी पानभर अंकांची संख्या केली होती. आम्ही ती चौकटीत बसवून दारासमोर लावली. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडं बघे आणि मग आमच्याकडं जरा संशयानं बघे.

आमची पहिली मोठी ऑर्डर देवनहळ्ळीच्या नंजुंडप्पांची. त्यांची गुलाबाची शीतगृहं आहेत, तिथून फुलं विमानानं परदेशी जातात. आमच्याकडं तेव्हा पंधरा-सोळा माणसं कामाला होती आणि ही ऑर्डर नीट गेली तरच शेड चालणार होती. एक कुलूप नमुना म्हणून त्यांच्या दाराला लावलं, बाकीची तयार होऊन खोक्यांत भरली, आणि मध्ये आयुधपूजा आली. इकडं त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, हळद-कुंकू लावायचं. लेथपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, दाराशी केळीचे खांब होते. दारात कोहळा फोडून झाला. सर आणि अक्का पाहुणे म्हणून आले होते. सरांच्या हातात कॉफीचा पेला होता.

चंद्रूनं एका खोक्यावर कुंकू लावलं आणि अभिमानानं म्हणाला, "सर, जगातले लोक पुस्तकात दिलेली संख्या घालतात. आम्ही तुमची घातली की!"

"कुठं घातली?"

"कुलपात, सर. सगळ्या कुलपात. तुमचीच संख्या."

सरांनी पेला खाली ठेवला. चंद्रूकडं बघितलं, भिंतीवरच्या चौकटीकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "तिच्यातनं एक वजा करून बघितलं नाहीस?"

मला आणि चंद्रूला ते एकाच क्षणी कळलं. ज्या गुणामुळं सरांची संख्या सिद्ध करायला सोपी, त्याच गुणामुळं ती फोडायलाही सोपी. बारीक तुकड्यांची संख्या कुलपात असली, तर चोराला अख्खं गुपित एकदम शोधावं लागत नाही. प्रत्येक तुकड्यापुरतं थोडं थोडं शोधायचं आणि शेवटी जोडायचं. कुलपाला दोनशे सत्तावीसच्या जातीची संख्या लागते, जिच्या पोटात एक न फुटणारा मोठा तुकडा असतो. आम्ही गुलाबांच्या दारावर दोनशे अकराची थोरली बहीण बसवली होती. ती मूळ आहे हे चंद्रूनं तपासलं होतं, तिची लांबी तपासली होती, पण सरांची संख्या म्हटल्यावर तिच्यात खोट असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आयुधपूजेचा दिवस म्हणून यंत्रं बंद होती, पण सरांनी संगणक मागून घेतला. म्हणाले, "देवी रागावली तर मी बघतो." एका कुलपाची उघडझाप करायला लावली, हवेतून गेलेलं बोलणं टिपून घेतलं, माझ्याकडून दोन-चार ओळींचा प्रोग्राम लिहून घेतला. पंगतीची पानं मांडून होईपर्यंत कुलूप खट्कन उघडलं. इतका वाईट आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

चंद्रूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, माझी चूक. पुस्तकातली घातली असती तर..."

"तुझी नाही," सर म्हणाले. "औषध दिलं आणि पोटात घ्यायचं की वरून लावायचं ते सांगितलं नाही, तर चूक वैद्याची. इतकी वर्षं वाटत आलो. ही कशाला चालते ते सांगितलं, कशाला चालत नाही ते कधी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी दसरा. आमचा बेत होता की गुपचूप संख्या बदलावी, माल जरा उशिरा पाठवावा आणि उशिराचं काहीतरी कारण सांगावं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नमुन्याचं कुलूप त्यांच्या दारावर आहे ना आज?" होतं. म्हणजे ते दार त्या क्षणीही कुणाला उघडता आलं असतं. आमचा बेत तिथंच संपला. मग सर स्वतः आमच्याबरोबर देवनहळ्ळीला आले. आम्ही नको म्हणत होतो, पण अक्कांनीच त्यांना शर्ट काढून दिला होता. नंजुंडप्पांसमोर बसून त्यांनी सगळं कन्नडमध्ये सांगितलं, लपवाछपवी न करता, आणि शेवटी म्हणाले की संख्या माझी, चूक माझी, या मुलांचं काम चांगलं आहे.

नंजुंडप्पा काही सिनेमातले उदार शेठजी नव्हेत. ते चांगले तापले. अर्धी ऑर्डर त्यांनी तिथंच दुसऱ्याला दिली. उरलेली अर्धी आमच्याकडं ठेवली आणि निघताना सरांना म्हणाले, "तुमचं वय बघून ठेवली, यांचं काम बघून नाही. काम आता बघीन." एवढ्यावर आमची शेड तरली. पुढचा सगळा आठवडा आम्ही खोकी फोडून एकेक कुलूप उघडत होतो, नवी संख्या भरत होतो आणि बंद करत होतो. सर रोज मल्लेश्वरमहून बोम्मसंद्र्याला येत. त्यांचे हात थोडे थरथरतात, म्हणून त्यांना स्क्रू काढायचं काम दिलं, लावायचं नाही. त्यांनी त्यावर काही तक्रार केली नाही. आज नंजुंडप्पांच्या सगळ्या दारांना आमचीच कुलपं आहेत, हेही सांगितलं पाहिजे.

आम्ही सावरलो. सर मात्र सावरले नाहीत. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सभागृहात जाऊन बसलो तर फळा कोरा. वर्ग बंद केला आहे, असा निरोप आला. मी घरी गेले तर सर फोनवर होते. अक्कांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाल्या, "अगो, आठ दिवस हेच चाललंय. ज्याला ज्याला संख्या दिली त्याला त्याला फोन. कुठं वापरली नाही ना, म्हणून विचारतायत. लोक घाबरतायत की!"

त्या फोनांच्या कहाण्या आता आम्ही हसत सांगतो. एकानं संख्या लग्नपत्रिकेवर छापली होती, एकीनं ती आकाशकंदिलावर कातरली होती, एकानं तिचे पहिले चार अंक एटीएमला लावले होते. त्या शेवटच्याला सरांनी अर्धा तास धारेवर धरलं. कुणीही ती कुलपात घातली नव्हती. सरांची यादी संपली, काळजी मिटली, तरी वर्ग काही सुरू होईना. संक्रांतीला मी इकडचं एळ्ळू-बेल्ल आणि आपला तिळगूळ दोन्ही घेऊन गेले. म्हटलं, सर, एका चुकीपायी एवढं? ते म्हणाले, "तुम्ही माझं काही तपासत नाही हे मला कळलं. मी तपासायला शिकवत होतो आणि तुम्ही विश्वास ठेवायला शिकलात. मग शिकवलं काय मी?" मी तिळगूळ अक्कांच्या हाती दिला आणि निघाले. परतताना बसमध्ये मला पहिल्यांदा भीती वाटली की हा माणूस आता असाच खुर्चीत बसून म्हातारा होणार आणि आम्ही नुसतं बघत राहणार.

चंद्रू तर तोंड दाखवायला तयार नव्हता. त्याला त्याच हिवाळ्यात मुलगी झाली. बारशाच्या आमंत्रणाला त्याला मीच अक्षरशः ढकलत घेऊन गेले. सर दारात आले. चंद्रूनं खाली बघत आमंत्रण दिलं आणि मग एका दमात म्हणाला, "आणि सर, पोरीसाठी संख्या पाहिजे."

"देणं बंद केलंय मी, चंद्रू."

"ठाऊक आहे. कुलपासाठी मागत नाही हो. माणसासाठी मागतोय."

"माणसाला काय करायचीय ती?"

"सर, शेडमध्ये आमची सगळी कुलपं आता नवीन संख्येची. काही केलं तरी फुटत नाहीत. बरं आहे, धंदा आहे. पण घरात तसलं माणूस नको मला. बघणाऱ्याला आत काय आहे ते कळावं, ज्याला पाहिजे त्यानं तपासून बघावं, अशी पोरगी पाहिजे. तसली संख्या तुमच्याशिवाय कोण करतो? सांगा, मी तिथं जातो."

सर आत निघून गेले. आम्ही दोघं बैठकीच्या खोलीत उभेच. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अगं, कार्डं कुठं ठेवलीस?"

"जिथं होती तिथंच!" अक्का म्हणाल्या. "मी काय टाकून देते होय?" आणि पदरानं डोळे पुसून त्यांनी आम्हाला बसा म्हणून खूण केली.

बारशाला सर आले. पाळण्याच्या दोरीला कार्ड बांधलं. चंद्रूनं ते तिथल्या तिथं सोडवून घेतलं आणि पाहुण्यांना ताटकळत ठेवून, कॅल्क्युलेटर घेऊन, तुकड्यांचा गुणाकार जुळतो का ते ताडून पाहिलं, घातांच्या तपासण्या मोबाइलवर करून पाहिल्या. त्याच्या सासूबाई चांगल्याच चिडल्या. सर मात्र इतके खूश झाले की त्यांनी पाळण्याची दोरी दोन वेळा जास्त ओढली. पुढच्या रविवारी वर्ग भरला. विषय होता त्यांची स्वतःची चूक. फळ्यावर एका बाजूला दोनशे अकरा, दुसऱ्या बाजूला दोनशे सत्तावीस, आणि मध्ये उभे राहून सर रंगात येऊन सांगत होते की आपण कुठं आणि कसे घसरलो. मी सरांची पुष्कळ व्याख्यानं ऐकली. त्याच्याइतकं सुंदर दुसरं ऐकलं नाही. तेव्हापासून प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ जास्त असते: ‘कुलपास चालणार नाही.’ लग्नात ते कार्ड वाचून पाहुणे गोंधळतात आणि यजमानांना सगळी कथा सांगत बसावी लागते.

आज आमच्या शेडमध्ये पुस्तकातल्या संख्येचाही कागद आला तरी कुणी ना कुणी आधी एक वजा करतं. सरांनी सांगितलेलंही आम्ही आता तपासतो, आणि त्यात चुका काढतो. दोन सापडल्या आहेत. दोन्ही वेळा सरांनी स्वतः हॉटेलात नेऊन आम्हाला डोसे खिलवले.

या ग्रंथाची आणि समारंभाची कल्पना घेऊन आमची समिती सरांकडं गेली, तेव्हा त्यांनी आधी विषयावरच आक्षेप घेतला. "पंचाहत्तर? तीन, पाच, पाच. हिच्यात काय आहे? एकोणऐंशीला या." अक्कांनी डोळे वटारले म्हणून ते पंचाहत्तरीला कबूल झाले, पण एका अटीवर. बोम्मसंद्र्याची हकीकत ग्रंथात आली पाहिजे आणि चूक कुणाची तेही स्पष्ट छापलं पाहिजे, नाहीतर मी समारंभाला येणार नाही. गौरवग्रंथात असलं काही शोभत नाही, असं समितीतल्या ज्येष्ठांनी परोपरीनं समजावलं. सर म्हणाले, "मग बाकीचं वगळा. तेवढंच छापा." सरांना ओळखणाऱ्यांना सांगायला नको की ते खरोखर आले नसते. समितीत बराच खल झाला आणि लेखाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सर, एकोणऐंशी काही लांब नाही. आम्ही तर त्र्याऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याण्णव आणि एकशे एक, या सगळ्यांचे सभागृहाचे दिवस आत्ताच धरून ठेवणार आहोत. तोवर आपले गुडघे, आपला घसा आणि आपली रविवारची सकाळ शाबूत राहो, अक्कांच्या हातची चव आणि त्यांचं कन्नड रागावणं आपल्याला रोज लाभो, आणि फळ्यासमोर उभं राहण्याचं बळ आपल्याला कधी कमी पडू नये, अशी आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना आहे.

राहिली अट. ती पुरी केल्याशिवाय आपण येणार नाही, म्हणून लिहिते: चूक हुपरीकर सरांची होती. आम्ही सगळ्यांनी मिळून तपासलं, आमच्यातल्या एकालाही ते पटलेलं नाही. पण छापलं आहे, सर. आता यायचं.